बिनटाचणीचा फेटा

बडोद्याच्या वाडीत दत्ताजीराव जगदाळ्यांच्या दारावर एक पत्र्याची पाटी आहे. 'येथे बिनटाचणीचा फेटा बांधून मिळेल.' खाली नाव, त्याखाली फोन नंबर, आणि जागा उरली म्हणूनच असेल, एक पळता घोडा. रंगवणाऱ्याने घोड्याला पाचवा पाय काढलाय की ती शेपूटच खाली आलीय, यावर गल्लीत वीस वर्षं वाद चालू आहे. दत्ताजीराव त्यात पडत नाहीत. पाटीवरचा एकच शब्द त्यांच्या जिवाभावाचा, तो म्हणजे बिनटाचणीचा.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते. घोडा चौखूर उधळला तरी डोक्यावरच्या फेट्याचा एक वेढा, एक पेच हलता कामा नये, ही पागेची शिस्त. ती शिस्त पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून दत्ताजीरावांच्या बोटांत आली. घोडे केव्हाच गेले. दत्ताजीरावांनी स्वतः एकतीस वर्षं एका केमिकल कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात काढली आणि जन्मभर स्कूटरशिवाय कशावर बसले नाहीत. पण लग्नसराईत आणि गणपतीत हा माणूस वेगळाच व्हायचा. नऊ वार कापड हातात घेतलं की पाठ ताठ, नजर बारीक. शेवटचं टोक अंगठ्याने तिसऱ्या पेचाखाली सारायचं, दोन्ही बाजूंनी एकेक चापट मारायची आणि हुकूम सोडायचा, "मार उडी!"

नवरदेव उडी मारायचे, नवरदेवांचे ढेरपोटे सासरे मारायचे. एकदा एका नगरसेवकाने भर मांडवात मारली होती. फेटा जागचा हलायचा नाही. टाचण्या लावून फेटे बांधणाऱ्यांचा विषय निघाला की दत्ताजीराव नाक वर करून म्हणायचे, "तो फेटा नव्हे हो. टाचणीला अडकवलेली चादर आहे ती."

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. देवदयेने निभावलं असं सगळे म्हणाले. चालणं आलं, बोलणं आलं, रबरी चेंडू दाबून दाबून उजवा हातही परत आला, फक्त अंगठा पुरता आला नाही. शेवटचं टोक सारायची वेळ आली की तो नेमका थरथरायचा आणि पेच सुटायचा. अशाच एका लग्नाच्या सकाळी दत्ताजीरावांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली मोती लावलेली एक बारीक टाचणी उचलली आणि सदऱ्याच्या पट्टीला आतून टोचून ठेवली. त्या दिवशीचा फेटा त्या टाचणीवर उभा राहिला, आणि पुढचे सगळेच. "मार उडी" बंद झालं. लोकांना वाटलं, काका वयामुळे जरा गंभीर झाले. फक्त त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना कळलं, कारण डबा रिकामा होत होता. मंगळ बाजारात गेल्या की टाचण्यांचं एक पाकीट न सांगता आणून ठेवायच्या.

दोन वर्षांपूर्वी वाडीच्या गणपतीच्या विसर्जनाला राजवर्धन आला होता, मराठी सिनेमाचा हिरो. स्वतःच्या नव्या सिनेमाची जाहिरात करायलाच आला होता, पण आला. दत्ताजीरावांनी त्याला भगवा फेटा बांधला. तो ट्रकवर चढला, हात हलवले आणि दोन मिनिटांत डोक्यावरचा फेटा काढून त्याने गर्दीत भिरकावला. जी काय आरोळी उठली! माणसं त्या कापडासाठी एकमेकांच्या अंगावर पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता आणि खाली दत्ताजीरावांचे शब्द: "राजा माणूस. डोक्यावरचं काढून रयतेला दिलं." ते कात्रण त्यांनी देवघराच्या खणात जपून ठेवलंय.

यंदा मंडळाने अयाजला बोलावलं.

अयाज म्हणजे मागच्या गल्लीतलाच. त्याचे अब्बा ढोलक-तबल्यांना चामड्याच्या पुड्या चढवतात. त्यामुळे पोराच्या कानावर पाळण्यात असल्यापासून ठेका. आवाज तर असा, की शाळकरी वयात मंडळाच्या आरतीत त्याला पुढे उभं करायचे. सगळ्या आरत्या तोंडपाठ. मग टीव्हीच्या स्पर्धेत तिसरा आला आणि बघता बघता गुजरातभर नाव झालं. या नवरात्रात तो पहिल्यांदा हरणीकडच्या मोठ्या मैदानावर गाणार होता, नऊच्या नऊ रात्री. बडोद्यात गाणाऱ्याला त्या मैदानाच्या स्टेजवर उभं राहण्यापलीकडे स्वप्न नसतं. अयाज लहानपणी त्याच मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहून सगळे गरबे पाठ करायचा, हे अख्ख्या वाडीने पाहिलंय. मंडळाने चौकात त्याचं पोस्टर लावलं, 'आपल्या वाडीचा अयाज'.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळच्या आरतीला तो आला. आल्याबरोबर वाकून दत्ताजीरावांच्या पाया पडला. "काका, आज उडी मारायची ने?"

"आता स्टार झालास तू. उड्या कसल्या मारतोस," असं म्हणून दत्ताजीरावांनी वेळ मारून नेली.

जांभळा फेटा होता, जरीच्या काठाचा. ढोलताशा कानाशी वाजत होता, चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते. शेवटी अंगठा थरथरलाच. दत्ताजीरावांनी सदऱ्यातली टाचणी काढली, कोणाचा तरी धक्का लागला आणि ती नेहमीपेक्षा तिरपी गेली. अयाजने क्षणभर डोळे गच्च मिटले. पोरगा देवाचं नाव घेतोय, असं त्यांना वाटलं.

आरती सुरू झाली. पहिलं कडवं संपायच्या आत अयाजने दोन्ही हातांनी फेटा उचलला, मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि हात जोडून पुढची सगळी आरती खणखणीत आवाजात म्हटली. मांडवात हजर असलेल्या कोणाला त्यात काही वाटलं नाही. पण कोणीतरी त्याच्या व्हिडिओतले अकरा सेकंद कापून सगळीकडे पाठवले. डोक्यावरून फेटा निघतो, खुर्चीवर जातो, मागे गणपती दिसतो. आरती म्हणणं त्या अकरा सेकंदांत नव्हतं.

आणि दत्ताजीरावांना? लपवण्यात अर्थ नाही. आपण बांधलेला फेटा खुर्चीवर पडलेला बघून त्यांच्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, 'किती झालं तरी शेवटी...' वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फेटा उचलून काखोटीला मारला आणि प्रसाद न घेता घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाई ओट्यावर बसून तो फेटा उलगडत होत्या. मध्येच थांबल्या. आतल्या पेचावर बाजरीच्या दाण्याएवढा रक्ताचा डाग होता आणि टाचणी वाकून तिचं टोक आत वळलं होतं, कपाळाच्या बाजूला. त्यांनी ती काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "अहो, पोराला लागलंय हे."

दत्ताजीरावांनी मूठ मिटली. तेवढ्यात नात आली फोन घेऊन. शलाका कॉलेजात शिकते, सयाजीगंजला जायच्या बसची वेळ झाली होती, पण ती बॅग टाकून तिथेच बसली. "आबा, हे बघा काय चाललंय!" आणि वाचायला लागली.

'देवासमोर पगडी उतरवली. यांची टोपी बरी निघत नाही डोक्यावरून.'

'आता हा आपल्या आईचा गरबा गाणार? शरम करो.'

'आमच्या पूर्वजांनी या फेट्यासाठी मानेवर वार झेलले.'

दुसऱ्या बाजूचेही होते. 'टिळा लावून घेतलास ना? हात जोडलेस ना? आता भोग.' 'ज्यांच्यासाठी घर सोडलं, त्यांनीच घराबाहेर काढलं.' असल्या गोष्टीत दोन्ही बाजूंना उत्साह सारखाच. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं बसली आणि अयाजच्या डोक्यावरून भांडायला लागली. त्यातलं एकही माणूस वाडीत कधी आलं नसेल. एक बाई सांगत होत्या, की कलाकाराच्या मनात काय आहे हे त्याच्या हातांवरून कळतं. मनात काय होतं ते सोडा, त्या पोराच्या कपाळात काय होतं हे सांगू शकणारा एक म्हातारा वाडीत भिंतीला टेकून त्यांचंच बोलणं ऐकत होता.

शलाका मोठी चिवट. तिने राजवर्धनचा तो जुना व्हिडिओ शोधून काढला आणि त्याखालची नावं चाळली. हार्दिक म्हणून कोणी होता, त्याने तेव्हा लिहिलं होतं, 'असली राजा! पगडी भी लुटा दी.' काल त्याच हार्दिकने लिहिलं होतं, 'पगडी का अपमान नहीं सहेंगे.' फोटो तोच, गॉगल तोच. असे तिला एकोणीस जण सापडले.

"आबा, एकोणीस! यांना आठवत नसेल का हो?"

दत्ताजीरावांची नजर देवघराकडे गेली. विसावा माणूस तिथल्या खणात, त्या कात्रणात होता, हे त्यांना माहीत होतं.

मैदानाच्या आयोजकांनी बुधवारी जाहीर केलं, की रसिकांच्या भावना लक्षात घेऊन अयाजच्या कार्यक्रमाबद्दल रविवारी निर्णय घेऊ. म्हणजे हातात चार दिवस होते. करायचं एवढंच होतं, की दत्ताजीरावांनी टाचणी दाखवायची आणि सांगायचं, माझ्या हाताने टोचली, पोराने वेदना सहन न होऊन फेटा काढला, त्यात दुसरं काही नाही.

"सांगून टाका ने," इंदिराबाई म्हणाल्या. "दोन वाक्यांचं काम."

"आणि पाटी? ती उतरवू?"

"उतरवा."

"चार पिढ्यांचं आहे ते."

"आणि त्याच्या बिचाऱ्याच्या एका पिढीचं?"

यावर दत्ताजीराव तिच्यावर खेकसले आणि चपला घालून बाहेर पडले. कोपऱ्यावर जाऊन परत आले.

गुरुवारी अयाजचा माफीचा व्हिडिओ आला. आधी गुजरातीत, मग हिंदीत, शेवटी दोन वाक्यं मराठीत. नेहमी केस मागे फिरवणाऱ्या पोराने त्या दिवशी ते कपाळावर ओढून घेतले होते. "माझ्याकडून चूक झाली. कोणाचं मन दुखावलं असेल तर मी हात जोडून माफी मागतो." टाचणीचं नाव नाही, फेटा बांधणाऱ्याचं नाव नाही.

दत्ताजीरावांना पहिल्यांदा वाटलं, सुटलो. छातीवरचा दगड उतरल्यासारखं मोकळं वाटलं, आणि मग त्या मोकळं वाटण्याची इतकी लाज वाटली की ते जेवणावरून उठून गेले. शलाकाला म्हणाले, "पुन्हा लाव." तिने पुन्हा लावला. पोरगा काहीच कसा बोलत नाही? त्याला कळलं नसेल का काय टोचलं ते? कळलं नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी त्यांना दोन मंडळांत फेटे बांधायचे होते. बांधले. टाचण्या लावून बांधले. शनिवारी ते खरंच निघाले, मागच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे बंदोबस्ताला खुर्च्या टाकून दोन पोलीस बसले होते. पोलीस बघून माघारी फिरलो, असं त्यांनी घरी सांगितलं. पोलिसांनी त्यांच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. रोज रात्री ते ठरवायचे, उद्या. सत्तरीच्या माणसाला अजून किती उद्या शिल्लक असतात कोण जाणे, पण अयाजकडे मोजके होते.

रविवारी सकाळी अकराला आयोजकांचं पत्रक आलं. परस्पर संमतीने अयाज यंदा गाणार नाहीत. दुसऱ्या गायकाचं नाव दिलं होतं. खाली फुलं, दिवे आणि हात जोडलेली चित्रं.

सोमवारी दत्ताजीराव गेले. आता जाऊन काही होणार नव्हतं म्हणूनच त्यांचे पाय उचलले असतील, मला तरी असंच वाटतं. शलाका बरोबर होती. मंडळाच्या खोलीत अध्यक्ष लक्ष्मीकांत आणि पाच-सहा जण प्रसादाची पाकिटं भरत बसले होते. लक्ष्मीकांत विम्याचा व्यवसाय करणारा, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याला त्याच्या मुंजीपासून दत्ताजीराव ओळखत होते. त्यांनी उभ्याउभ्याच मूठ उघडली. तळहातावर वाकलेली टाचणी.

"लक्ष्मीकांत, ही माझी. मी टोचली पोराला. माझा अंगठा चालत नाही रे. तीन वर्षं मी टाचणी लावतोय आणि बिनटाचणीची पाटी मिरवतोय. त्याचा काही दोष नाही."

एवढं बोलायला त्यांना सहा दिवस लागले होते. त्यांना वाटलं होतं, खोलीत सन्नाटा पसरेल, कोणीतरी म्हणेल, जगदाळ्यांनी नाव घालवलं. लक्ष्मीकांत उठला, खुर्ची पुढे केली.

"बसा ने काका आधी. पाणी घ्या." मग हसला, तेही प्रेमाने. "तुमची टाचणी सगळ्या वाडीला खबर आहे. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मला इथे," त्याने कानाच्या वर बोट लावलं, "आठ दिवस खपली होती."

पाकिटं भरणारे एकेक करून बोलायला लागले. कोणाला मागे टोचली होती, कोणाला भुवईशी. हसत होते.

"मग बोलला का नाहीत रे मला?"

"तुम्हाला कसं बोलायचं, काका? तुमची पाटी."

दत्ताजीराव खुर्चीत बसले. लक्ष्मीकांतने बोलण्याच्या ओघात पुढचंही सांगून टाकलं. "राजवर्धनला तर एवढी टोचली होती, गाडीत बसल्यावर शिव्या देत होता. म्हणून तर काढून फेकला त्याने. आम्ही म्हटलं, वाह! पब्लिक खूश."

हीच टाचणी होती, हाच अंगठा होता. एकाने फेटा लोकांच्या पायांत फेकला आणि त्याला राजा म्हटलं, म्हणणाऱ्यांत आपण पहिले. दुसऱ्याने अदबीने खुर्चीवर ठेवला आणि त्याचं जन्माचं स्वप्न गेलं. दत्ताजीराव खुर्चीतून उठले.

"मग सांग ना हे लोकांना! मंडळाच्या नावाने लिही. मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

"लिहून काय थशे, काय होणार?" लक्ष्मीकांतने पाकिटात साखरफुटाणे टाकले. "टाचणीचा प्रश्नच नाही हो काका. टाचणी नसती तर दुसरं काही निघालं असतं. पायातला मोजा निघाला असता. लोकांना पाहिजे होतं ते मिळालं."

"तूच ना रे त्याला शाळेच्या मैदानावर मंडळाच्या सामन्यांत खेळवायचास? तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय, मंडळ चालवायचंय मला. पोस्टरसुद्धा रातोरात उतरवावं लागलं." मग तो म्हणाला, "वाईट वाटतं ने. वाटतंच."

शलाकाने आजोबांचं बोलणं फोनवर घेतलं होतं. तिने ते ऑनलाइन टाकलं. तिचा अजून विश्वास होता, की खरं समोर आलं की लोक ओशाळतील. एकही जण ओशाळला नाही. 'काकांना कोणी पढवलं?' असं एकाने विचारलं. 'टोचली तर सहन करायची, आमचे मावळे भाले झेलत होते,' असं दुसऱ्याने. 'टाचणी लावणं ही आपली संस्कृतीच नाही,' असं तिसरा म्हणाला आणि त्यावर वेगळंच भांडण जुंपलं. हार्दिकने लिहिलं, 'मग राजवर्धनला का नाही टोचली?' टोचली होती, म्हणून शलाकाने पुराव्यासकट उत्तर दिलं. ते एकतीस जणांनी पाहिलं. तिने फोन उशीखाली ठेवला आणि त्या दिवशी जेवायला आली नाही.

मंगळवारी सकाळी दत्ताजीराव मागच्या गल्लीत गेले. पोलीस उठून गेले होते. ओट्यावर अयाजचे अब्बा ढोलकीची वादी ताणत बसले होते. त्यांनी मान हलवली, "आवो, जगदाळे साहेब," आणि आत बोट दाखवलं. अयाज खाटेवर बसला होता. केस मागे होते. कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक काळपट ठिपका.

दत्ताजीराव तयारी करून आणलेलं सगळं बोलणं विसरून गेले. "तुला माहीत होतं?"

"पाचवीत नाटकात मावळा झालो होतो, काका. तुम्ही फेटा बांधला आणि म्हणालात, मार उडी. मी या ओट्यावरून मारली. गुडघा फुटला, फेटा हलला नाही." अयाज थोडासा हसला. "त्या दिवशी तुम्ही उडी मार म्हणाला नाहीत, तेव्हाच समजलो मी."

"मग सांगितलं का नाहीस, बाबा? एक शब्द बोलायचा."

"सांगितलं असतं तर मला सोडणार होते का? तुम्हाला पण धरलं असतं. म्हणाले असते, म्हाताऱ्यावर ढकलतो. एकाचं गेलं ते गेलं, दोघांचं कशाला."

दत्ताजीराव खाटेच्या कडेला बसले. बाहेर ढोलकीवर अब्बांची एक थाप पडली, सूर बघण्यासाठी.

"पण खोटं नाही बोलत," अयाज जमिनीकडे बघत म्हणाला. "वाट बघत होतो हां मी. वाटलं, काका स्वतःहून येतील. रविवारी सकाळपर्यंत अम्मीने दाराला कडी लावली नव्हती."

दत्ताजीरावांना अयाजनेच हात धरून उठवलं आणि ओट्याच्या पायरीपर्यंत आणून सोडलं.

घरी आल्यावर त्यांनी स्टूल मागितलं. पाटीचे वरचे दोन स्क्रू गंजले होते, थरथरत्या अंगठ्याने फिरेनात. खालचे दोन निघाले. पाटी वाऱ्याने हलायला लागली, पण पडली नाही. तेवढ्यात लक्ष्मीकांतचा फोन आला. उद्या विसर्जनाला राजवर्धन येतोय, ऐन वेळेला ठरलंय, फेटा काकांनीच बांधायचा. "नसेल जमत तर सांगा हां, हरणीला एक जण आहे, तो मशीनवर शिवलेला तयार फेटा घेऊन येतो. टोपीसारखा घालायचा."

नाही म्हणायचं दत्ताजीरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आले, "शिवलेला? नको. मी येतो."

इंदिराबाईंनी या वेळी टाचण्यांचं पाकीट पुढे केलं नाही. दत्ताजीरावांनी ते स्वतः शोधून घेतलं.

अनंत चतुर्दशीला दुपारी चार वाजता राजवर्धन आला. गर्दी मावत नव्हती. तो खुर्चीत बसला, वर बघून हसला आणि दत्ताजीरावांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्याने म्हणाला, "काका, तुमची टाचणी आठवतेय हं मला! जरा सांभाळून." आजूबाजूचे खदखदून हसले. दत्ताजीरावही हसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण एवढा मोठा माणूस खांद्यावर हात ठेवून बोलत होता. पेच घातले, तुरा काढला, अंगठा थरथरला. टाचणी त्यांनी जपून, अगदी आडवी लावली.

ट्रक हलला. राजवर्धनने हात हलवले, गणपतीकडे पाठ करून गर्दीकडे वळला आणि सवयीने फेटा डोक्यावरून काढून उंच भिरकावला. या वेळी तर टोचलंही नव्हतं. कापड हवेत सुटलं, लोकांच्या हातांवर पडलं, हातांतून खाली गेलं, पायांखाली आलं. आरोळी उठली. हजारभर मोबाइल वर झाले. लक्ष्मीकांत माइकवर ओरडत होता, "दिलदार! राजा माणूस!" ते शब्द दोन वर्षांपूर्वी कोणाचे होते, हे त्याच्या लक्षातही नसेल.

दत्ताजीराव मांडवाच्या खांबाशी उभे होते. पलीकडच्या कडेला, मागच्या गल्लीच्या तोंडाशी, अयाजचे अब्बा मिरवणूक बघायला आले होते. ते राजवर्धनकडे बघत नव्हते. सरळ दत्ताजीरावांच्या हातांकडे बघत होते. तेव्हा दत्ताजीरावांनी खाली पाहिलं. चारी बाजूंनी सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्यांचेही दोन्ही हात टाळ्या वाजवत होते, जोरजोरात, आणि उजवा अंगठा अजिबात थरथरत नव्हता.